झोपलेला संगणक जागा का होत नाही?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात बेडकाची शीतनिद्रा आपण सर्वांनीच वाचली आहे. बाहेरचे दिवस कठीण आले की बेडूक मातीत दडून बसतो, शरीराचे सगळे व्यवहार मंद करतो आणि ऋतू पालटला की पुन्हा बाहेर येतो. संगणकालाही अशी एक झोप असते आणि तिचे नावही तेच आहे, हायबरनेशन. रात्री काम अर्धवट टाकून संगणक झोपवायचा, सकाळी उघडायचा आणि त्याच ओळीपासून पुढे लिहू लागायचे, अशी ही सोय. पण लिनक्सवर चालणाऱ्या अनेक संगणकांत ही सोय दगा देते. सकाळी यंत्र सुरू होते, पण आदल्या रात्रीच्या खिडक्या, न साठवलेला मजकूर, सगळे गायब असते. कधी पडदा काळाच राहतो, तर कधी यंत्र मुळात झोपायलाच तयार नसते. असे का होते आणि अशा वेळी काय पाहावे, हे आज समजून घेऊ.

हा विषय निवडण्याला एक कारण आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारी पुष्कळ यंत्रे एरवी धडधाकट आहेत. त्यांवर उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा अशी लिनक्सची एखादी आवृत्ती घालून ती चालती ठेवण्याचा मार्ग अनेकांनी धरला. मार्ग चांगला आहे आणि त्याला पैसेही पडत नाहीत. मात्र जुन्या लॅपटॉपची बॅटरी थकलेली असते आणि हायबरनेशनची गरज सर्वांत जास्त तिथेच असते.

प्रथम दोन झोपांमधला फरक पाहू. काम चालू असताना उघड्या खिडक्या, टंकित केलेली पण न साठवलेली अक्षरे, हे सगळे रॅम नावाच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. रॅमला सतत वीज लागते. वीज गेली की ती पुसलेल्या पाटीसारखी कोरी होते. लॅपटॉपचे झाकण मिटल्यावर लागते ती साधी झोप, म्हणजे सस्पेंड. तीत बाकीचे भाग बंद होतात, पण रॅमला थोडी वीज मिळत राहते. म्हणून जाग काही सेकंदांत येते. बॅटरी संपली, तर मात्र झोपेतच सगळे जाते. हायबरनेशनमध्ये रॅममधला मजकूर डिस्कवर उतरवून घेतला जातो आणि यंत्र पूर्ण बंद होते. मग आठ दिवस गावाला गेलात, बॅटरी पार उतरली, तरी बिघडत नाही.

इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी १९९६ साली ‘एसीपीआय’ नावाचे वीज-व्यवस्थापनाचे मानक प्रसिद्ध केले. त्यात साध्या झोपेला एस-३ आणि हायबरनेशनला एस-४ असे क्रमांक आहेत. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एस-३ ही झोपच ठेवलेली नाही. तिच्या जागी मोबाइलसारखी हलकी डुलकी आली आहे. या डुलकीत बॅटरी अधिक खर्च होऊ शकते. झाकण मिटून पिशवीत ठेवलेला लॅपटॉप संध्याकाळी गरम आणि रिकामा हाती येतो, ही तक्रार पुष्कळदा त्यातूनच येते. म्हणजे डिस्कवर जाऊन झोपण्याची गरज नव्या यंत्रांतही संपलेली नाही.

आपल्याकडे तर या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्रात भारनियमनाचे वेळापत्रक लोकांना तोंडपाठ असे. आजही वादळी पावसात वीज गेली की टेबलावरचा संगणक यूपीएसच्या जोरावर थोडी मिनिटेच तग धरतो. तेवढ्या वेळात चालू काम जसेच्या तसे डिस्कवर उतरवता आले, तर केवढी निश्चिंती! पण त्यासाठी ही झोप खात्रीची हवी. जिच्यावर विसंबता येत नाही अशी सोय नसलेली बरी, कारण माणूस तिच्या भरवशावर फाइल साठवायचे विसरतो.

आता लिनक्स हे काम कसे करते ते पाहू. बिघाड शोधताना हा क्रमच उपयोगी पडतो. लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. लष्करातल्या कर्नलशी त्याचे नाते नाही, पण हुकूम सोडणे हे काम दोघांचेही. हायबरनेशनची आज्ञा मिळाली की कर्नल पाच गोष्टी ओळीने करतो.

पहिली गोष्ट, चालू असलेले सगळे कार्यक्रम तो गोठवतो. यासाठी साधारणपणे २० सेकंदांची मुदत असते. तेवढ्यात एखादा कार्यक्रम थांबला नाही, तर सगळा बेत रद्द. दुसरी गोष्ट, पडद्याचे ग्राफिक्स कार्ड, वाय-फाय, आवाज, यूएसबी अशा एकेका भागाला तो थांबायला सांगतो. प्रत्येक भागाचा आपापला ड्रायव्हर असतो. ड्रायव्हर म्हणजे त्या भागाची भाषा जाणणारा दुभाष्या. तिसरी गोष्ट, सारे स्तब्ध झाले की रॅमची प्रत काढली जाते. लग्नातला सामुदायिक फोटो काढताना फोटोग्राफर सर्वांना क्षणभर हलू नका म्हणतो, तसेच हे. कोणी हलले तर फोटो बिघडतो. चौथी गोष्ट, डिस्कला पुन्हा जागे करून ही प्रत दाबून लहान केली जाते आणि ‘स्वॅप’ नावाच्या राखीव जागेत लिहिली जाते. त्या जागेच्या आरंभी ‘इथे झोपलेल्या यंत्राची प्रत आहे’ अशी खूणही लिहिली जाते. पाचवी गोष्ट, वीज बंद.

यातली तिसरी पायरी जरा नीट पाहण्यासारखी आहे. रॅमची प्रत आधी रॅममध्येच काढावी लागते. म्हणजे मूळ मजकूर आणि त्याची प्रत दोन्ही एकाच वेळी तिथे मावायला हवेत. म्हणून साधारण निम्मी रॅम रिकामी करणे भाग पडते. कर्नल आधी बिनमहत्त्वाचा साठा टाकून देतो आणि तरी जागा पुरली नाही, तर काही मजकूर स्वॅपमध्ये ढकलतो. ही प्रत एकूण रॅमच्या सुमारे दोन पंचमांश असावी असा त्याचा नेहमीचा प्रयत्न असतो. रॅम ८ जीबी असेल, तर प्रत ३ जीबीच्या आसपास.

स्वॅप म्हणजे घरातला माळा समजा. टेबलावर जागा उरली नाही की रोज न लागणाऱ्या वस्तू माळ्यावर जातात. हायबरनेशनच्या वेळी टेबलावरचे उरलेले सामानही तिथेच न्यायचे असते. माळा लहान असेल किंवा आधीच भरलेला असेल, तर काम अडते. म्हणून स्वॅप निदान रॅमइतका असावा, हा सोपा आणि सुरक्षित हिशेब.

आता जागे होण्याचा क्रम. बटण दाबल्यावर यंत्र आधी नेहमीसारखेच सुरू होते. झोपेतून उठतो आहोत याचा त्याला पत्ताच नसतो. एक ताजा कर्नल येतो. त्याच्याबरोबर ‘इनिट्रॅमएफएस’ नावाची एक छोटी शिदोरी असते. डिस्क उघडण्यासाठी लागणारी प्राथमिक साधने आणि सूचना तीत बांधून दिलेल्या असतात. झोपेची प्रत कोणत्या डिस्कवर, कोणत्या भागात ठेवली आहे, हा पत्ता या टप्प्यावर मिळावा लागतो. पत्ता मिळाला की कर्नल तिथली खूण पाहतो. खूण असेल तर प्रत रॅममध्ये भरतो आणि स्वतः बाजूला होऊन कालच्या कर्नलला जागा करून देतो. आपल्या जुन्या कथांतल्या परकायाप्रवेशासारखाच हा प्रकार आहे. पत्ता मिळाला नाही, तर ताजा कर्नल आपला नेहमीप्रमाणे पुढे जातो आणि आपल्यासमोर कोरा संगणक येतो.

लिनक्समध्ये ही सोय बाहेरच्या हौशी मंडळींच्या कामातून आली. गाबोर कुती आणि पावेल माखेक यांनी घडवलेली ही यंत्रणा २००२ साली कर्नलच्या विकास-आवृत्तीत दाखल झाली. पुढे राफाएल विसोत्स्की यांनी तिची घडी नीट बसवली. तरीही यंत्रांचे प्रकार इतके, ड्रायव्हर इतके, की सर्व ठिकाणी चालेल अशी हमी कोणालाच देता आली नाही. उबुंटूने २०१२ च्या १२.०४ या आवृत्तीपासून हायबरनेशनचा पर्याय मेनूतून काढूनच टाकला. सोय आत होती, पण दारावर कुलूप होते.

बिघाड शोधताना बहुतेकजण एक गोष्ट करतात. कोणी सांगितलेला उपाय करून पाहतात, तो जमला नाही की दुसरा, मग तिसरा. शेवटी काय बदलले हेच आठवत नाही. त्याऐवजी आधी एकच प्रश्न विचारावा. साखळी कुठे तुटली? यंत्र झोपायला तयार नाही, झोपता झोपता अडते, कोरे उठते की उठते पण अर्धवट, या चार तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. एकीचे औषध दुसरीला चालत नाही.

पहिली तक्रार, यंत्र झोपायलाच तयार नाही. मेनूत पर्याय दिसत नसेल, तर टर्मिनल उघडावे. टर्मिनल म्हणजे रोमन अक्षरांत आज्ञा टंकित करण्याची खिडकी. तिथे ‘सिस्टीमसीटीएल’ आणि त्यापुढे ‘हायबरनेट’ हे दोन शब्द दिले की नकाराचे कारण बहुधा लेखी मिळते. अर्थात त्यापूर्वी सगळे काम साठवून ठेवावे. ही आज्ञा चालली आणि यंत्र नीट झोपून उठले, तर दोष फक्त मेनूच्या परवानगीचा आहे.

नकार आला, तर आधी माळा मोजावा. ‘फ्री’ ही आज्ञा रॅम आणि स्वॅप यांचे आकडे शेजारी शेजारी दाखवते. समजा, एका शिक्षिकेच्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम आहे आणि स्वॅप २ जीबी. चार-पाच दस्तऐवज आणि ब्राउझरची वीस पाने उघडी ठेवून त्या झोपेची आज्ञा देतात. मजकूर मावत नाही, आज्ञा नाकारली जाते. एखाद्या दिवशी फारसे काही उघडलेले नसते, तेव्हा तीच आज्ञा बिनबोभाट चालते. ‘कधी चालते, कधी नाही’ असे कोणी सांगितले, तर संशय आधी स्वॅपवर घ्यावा.

स्वॅप पुरेसा दिसूनही नकार येत असेल, तर तो कुठे आहे ते पाहावे. ‘स्वॅपऑन’ या आज्ञेने त्याचा ठावठिकाणा कळतो. तिथे ‘झेडरॅम’ असे नाव दिसले, तर समजावे की हा स्वॅप रॅममध्येच दाबून ठेवलेला आहे. फेडोराने ऑक्टोबर २०२० च्या ३३ व्या आवृत्तीपासून हीच पद्धत नेहमीची केली. रोजच्या वापराला ती चांगली आहे, पण वीज गेली की हा माळाच नाहीसा होतो. हायबरनेशनसाठी डिस्कवर वेगळा स्वॅप हवा.

तिसरा अडथळा असतो सिक्युअर बूट. संगणक सुरू होताना फक्त शिक्कामोर्तब झालेलीच प्रणाली चालू द्यायची, ही ती सुरक्षा व्यवस्था. ती चालू असताना उबुंटू, फेडोरा यांसारख्या आवृत्त्यांत कर्नल स्वतःला कुलूपबंद करून घेतो आणि हायबरनेशन नाकारतो. यामागे कारण आहे. डिस्कवर ठेवलेल्या प्रतीत कोणी मधल्या वेळात फेरफार केला, तर सकाळी तोच फेरफार प्रणालीच्या गाभ्यात जाऊन बसेल. ‘सिस’ फोल्डरातील ‘पॉवर’ या उपफोल्डरात ‘डिस्क’ नावाची एक फाइल असते. ती वाचल्यावर ‘डिसेबल्ड’ असा शब्द दिसला, तर बहुधा हेच कारण. सिक्युअर बूट बंद करून अडथळा दूर होतो, पण एक सुरक्षा कमी होते. घरात एका जागी राहणारा संगणक आणि रोज लोकलमधून प्रवास करणारा लॅपटॉप यांचा निर्णय एकच असेल असे नाही.

दुसरी तक्रार, यंत्र झोपू लागते आणि मध्येच परत येते किंवा अडकून पडते. वीसेक सेकंद थांबून पडदा परत आला, तर एखादा कार्यक्रम गोठायला तयार नाही असे समजावे. नेटवर्कवरून जोडलेले दुसऱ्या संगणकाचे फोल्डर इथे नेहमीचे दोषी. वाय-फाय आधी तुटते, फोल्डर उत्तराची वाट पाहत बसतो आणि त्याची वाट पाहत कर्नलही. झोपण्याआधी असे फोल्डर सोडवून ठेवले की प्रश्न मिटतो. प्रत लिहून झाली, पडदा विझला, पण पंखा आणि दिवा चालूच राहिला, तर दोष शेवटच्या पायरीत, म्हणजे वीज बंद करण्यात आहे. लिनक्स त्यासाठी यंत्रातल्या मूळ आज्ञावलीची मदत घेते. ती मदत नीट मिळत नसेल, तर सिस्टीमडीच्या ‘स्लीप’ नावाच्या सेटिंग फाइलमध्ये ‘प्लॅटफॉर्म’ऐवजी ‘शटडाउन’ ही पद्धत निवडता येते. आणि यंत्र बंद होऊन लगेच आपोआप सुरू होत असेल, तर यूएसबी माउस किंवा नेटवर्क कार्ड त्याला उठवत नाही ना, ते तपासावे.

तिसरी तक्रार सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत जिव्हारी लागणारी. यंत्र झोपले व्यवस्थित, पण सकाळी कोरे उठले. अशा वेळी प्रत बहुधा ठीक लिहिलेली असते, तिचा पत्ताच ताज्या कर्नलला मिळालेला नसतो. डिस्कच्या प्रत्येक भागाला यूयूआयडी नावाचा एक लांबलचक ओळख-क्रमांक असतो. हा क्रमांक ‘रिझ्यूम’ या सूचनेतून कर्नलला कळवावा लागतो. स्वॅपचा भाग कधी पुसून नव्याने बनवला, की त्याचा क्रमांक बदलतो आणि सूचनेत जुनाच राहतो. घर बदलले आणि पोस्टमनला कळवले नाही, तशी गत. संगणक सुरू होताना उगाच अर्धा मिनिट थांबून ‘रिझ्यूम’च्या डिस्कची वाट पाहणे सोडले, अशा अर्थाचा संदेश देत असेल, तर हा जुन्या पत्त्याचाच पुरावा.

स्वॅप स्वतंत्र भागात नसून फाइलच्या रूपात असेल, तर पत्ता दोन भागांत द्यावा लागतो. उबुंटूने एप्रिल २०१७ च्या १७.०४ या आवृत्तीपासून नव्या मांडणीत स्वॅप फाइल हीच नेहमीची पद्धत केली, त्यामुळे हा प्रश्न पुष्कळांना येतो. फाइल ज्या भागात आहे त्याचा क्रमांक म्हणजे इमारतीचे नाव. ती फाइल त्या भागात नेमकी कुठून सुरू होते तो ‘ऑफसेट’ म्हणजे खोली क्रमांक. दोन्ही हवेत. फाइल पुसून मोठी केली की खोली क्रमांक बदलतो आणि तो नव्याने द्यावा लागतो. हे सगळे लिहून झाल्यावर शिदोरी पुन्हा बांधायला, म्हणजे इनिट्रॅमएफएस नव्याने तयार करायला विसरू नये. बदल डिस्कवर केला पण शिदोरीत गेला नाही, हे फार वेळा घडते. सिस्टीमडीच्या अलीकडच्या आवृत्त्यांपासून यूईएफआय पद्धतीच्या यंत्रांत हा पत्ता यंत्राच्या कायमस्वरूपी स्मृतीत आपोआप नोंदवण्याची सोय आली आहे. त्यामुळे नव्या आवृत्त्यांत हा त्रास कमी झाला आहे.

इथेच एक आडवळण सांगायला हवे. काही जण सुरक्षेसाठी स्वॅप सांकेतिक लिपीत ठेवतात आणि दर वेळी संगणक सुरू होताना त्याची किल्ली नवी बनते. मग कालच्या किल्लीने लावलेले कुलूप आज उघडणार कसे? अशा मांडणीत हायबरनेशन शक्यच नाही. त्यासाठी कायम परवलीच्या शब्दाने उघडणारा सांकेतिक स्वॅप हवा. तो असणे चांगलेच, कारण रॅमच्या प्रतीत आपले पासवर्डही असू शकतात आणि लॅपटॉप चोरीला गेला, तर ते उघडे पडू नयेत.

चौथी तक्रार, यंत्र उठते पण अर्धवट. पडदा काळा राहतो, वाय-फाय सापडत नाही, आवाज येत नाही. पडदा काळा म्हणजे यंत्र मेले, असे लगेच समजू नये. कॅप्स लॉकचे बटण दाबून त्याचा दिवा लागतो का ते पाहावे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाबून अक्षरांचा साधा पडदा येतो का ते पाहावे. यंत्र प्रतिसाद देत असेल, तर दोष ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा. एनव्हिडियाची कार्डे आणि कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर असेल, तर कार्डावरची वेगळी स्मृतीही झोपताना जपावी लागते. त्यासाठी त्या ड्रायव्हरबरोबर झोपेच्या वेळी चालणाऱ्या सेवा येतात. त्या चालू आहेत का हे आधी पाहावे. वाय-फायसारख्या भागाचा ड्रायव्हर झोपण्यापूर्वी काढून, उठल्यावर पुन्हा चढवणे हा जुना पण चालणारा उपाय आहे.

तुटलेली कडी अजूनही सापडत नसेल, तर कर्नलमध्येच एक सुरेख चाचणी दिलेली आहे. ‘पॉवर’ या त्याच उपफोल्डरात ‘पीएम-टेस्ट’ नावाची फाइल बहुतेक आवृत्त्यांत असते. तिच्यात ‘फ्रीझर’ हा शब्द लिहून झोपेची आज्ञा दिली की कर्नल फक्त कार्यक्रम गोठवतो, पाच सेकंद थांबतो आणि परत येतो. हे जमले की ‘डिव्हायसेस’, मग ‘प्लॅटफॉर्म’, ‘प्रोसेसर्स’ आणि शेवटी ‘कोअर’. एकेक पायरी चढत जायचे. जिथे पाय घसरला तिथे दोष. ‘फ्रीझर’ जमले आणि ‘डिव्हायसेस’वर अडले, तर ड्रायव्हरांपैकी कोणीतरी गडबड करतो आहे हे उघड झाले. पाचही पायऱ्या पार पडल्या, तर झोपेचा भाग सुदृढ आहे आणि शोध प्रत लिहिण्याकडे, वीज बंद होण्याकडे आणि पत्त्याकडे वळवायचा. चाचणी संपली की त्या फाइलमध्ये ‘नन’ हा शब्द लिहून ठेवावा. एरवी खरी झोपही चाचणी म्हणूनच चालेल आणि पाच सेकंदांत संपेल.

सोबत नोंदवही वाचायची सवय ठेवावी. ‘जर्नलसीटीएल’ ही आज्ञा यंत्राची रोजनिशी दाखवते. कोऱ्या उठलेल्या यंत्रात आधीच्या सत्राची रोजनिशी मागून घ्यावी. तिच्यातल्या शेवटच्या ओळी झोपेची हकिगत सांगतात. आणि एकदा यंत्र नीट उठले म्हणून लगेच विश्वास टाकू नये. काही दोष दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेलाच दिसतात. म्हणून लागोपाठ चार-पाच वेळा झोपवून-उठवून पाहावे. प्रणाली नुकतीच अद्ययावत केली असेल, तर आधी रीतसर पुन्हा सुरू करावी आणि मगच झोपेचा विचार करावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. आतापर्यंतच्या बिघाडांत जास्तीत जास्त न साठवलेले काम जाते. पण एक चूक अशी आहे, की तीत डिस्कवर साठवलेल्या फाइलीही बिघडू शकतात. झोपलेल्या यंत्राच्या प्रतीत डिस्कचा नकाशाही असतो. कोणती फाइल कुठे, काय लिहायचे राहिले आहे, हे सारे. यंत्र झोपलेले असताना दुसऱ्या प्रणालीने किंवा पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने तीच डिस्क उघडली, तर नकाशा आणि प्रत्यक्ष यांत तफावत पडते. सकाळी जागा झालेला कर्नल जुन्या नकाशाने लिहू लागतो आणि फाइलींवर फाइली चढतात. नुसते वाचण्यासाठी उघडली, तरी धोका आहे. लिनक्समधल्या एक्स्ट-४ सारख्या पद्धती उघडतानाच अर्धवट नोंदी पूर्ण करतात, म्हणजे डिस्कवर लिहितात. म्हणून नियम पक्का ठेवावा. एक प्रणाली झोपलेली असताना तिच्या डिस्कला दुसऱ्या कोणीही हात लावायचा नाही. ज्यांच्या संगणकात विंडोज आणि लिनक्स दोन्ही नांदतात, त्यांनी विंडोजची ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय बंद करावी. २०१२ च्या विंडोज ८ पासून आलेल्या या सोयीत विंडोज बंद झाल्यासारखी दिसते, पण तिचा गाभा हायबरनेशनमध्येच असतो.

कर्नललाही हा धोका ठाऊक आहे. जागे होताना प्रत सापडली की वाचायच्या आधीच तो तिच्यावरची खूण पुसतो, म्हणजे तीच शिळी प्रत चुकून पुन्हा वापरली जाऊ नये. अर्थात त्यामुळे उठण्याची संधी एकदाच मिळते. जागे होताना यंत्र अडले आणि आपण बटण दाबून बंद केले, तर कालचे सत्र गेले.

एवढे करूनही काही यंत्रे दाद देत नाहीत. विशेषतः एखादा ड्रायव्हरच सदोष असेल, तर तो दुरुस्त होईपर्यंत आपल्या हाती फारसे नसते. अशा वेळी साधी झोप वापरावी आणि बॅटरीवर लक्ष ठेवावे. हायबरनेशन चालत असेल, तर लिनक्समध्ये दोन मिश्र प्रकारही आहेत. एकात यंत्र आधी साधी झोप घेते आणि काही काळाने आपणहून डिस्कवर जाते. लॅपटॉपला हा प्रकार सोयीचा. दुसऱ्यात आधी प्रत डिस्कवर लिहिली जाते आणि मग साधी झोप लागते. वीज राहिली तर चटकन जाग, गेली तर डिस्कवरून जाग. यूपीएसवर चालणाऱ्या घरच्या संगणकाला हा चांगला.

थोडक्यात, माळा रॅमइतका मोठा ठेवा, पत्ता अचूक द्या, शिदोरी पुन्हा बांधा आणि यंत्र नेमके कोणत्या पायरीवर अडते ते पाहून मगच उपाय करा. चार-पाच वेळा खात्री पटेपर्यंत झोपेची परीक्षा घ्या, तीही महत्त्वाच्या फाइलींची दुसरीकडे प्रत ठेवून. आणि यंत्र कितीही गाढ आणि शहाण्यासारखे झोपू लागले, तरी झोपवण्यापूर्वी कंट्रोल आणि एस ही दोन बटणे दाबून काम साठवण्याची सवय मोडू नका.